राहिलेलं रडणं

कपाळ आलं, भुवया आल्या, डोळे आले, अर्धं नाक आलं आणि यंत्र थांबलं. भिवंडीतल्या त्या बोळाएवढ्या दुकानात वैशाली आपल्याच चेहऱ्यासमोर उभी होती. फ्लेक्सचं यंत्र डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे खडखडत जात होतं, दर फेरीला बोटभर चेहरा बाहेर टाकत होतं, आणि आता शाई संपली म्हणून नाकाशी अडलं होतं. तोंड आतच राहिलं. ‘रुको मॅडम, लाल खतम हुआ,’ यंत्रामागून कोणी तरी ओरडलं. बरोबर आहे, तोंडाला लाल लागतं. तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण तोवर तिची नजर वर गेली होती. वर केसरीनाथबाबा पूर्ण छापून झाले होते. टोपी, चष्मा, सदरा, दूर कुठे तरी दाखवणारं बोट. त्यांच्या खाली ठळक अक्षरांत ‘युद्धकाळातील अन्नदाता’. आणि त्याच्या खाली, नेमकी तिच्या डोक्यावर, पदर घ्यावा तशी एक ओळ आडवी पसरली होती: ‘ज्यांच्या निधनाने पाड्यावरच्या माता-भगिनींना शब्दही फुटला नाही.’ शाई ओली होती. तिला वाटलं, बोट लावलं तर अजून पुसेल. तिने बोट लावलं नाही. आज दुपारी ग्रामसभा होती, केसरीनाथबाबांच्या पुतळ्याचा ठराव सरपंच म्हणून तिच्याच अध्यक्षतेखाली मंजूर व्हायचा होता, आणि ठराव व्हायच्या आधीच त्याच्या आनंदाचा फ्लेक्स छापून निघत होता. गावात हे असंच चालतं. बारसं आधी, बाळंतपण मागाहून.

ती ओळ नवी नव्हती, हाच तर धक्का होता. चौथीत असताना बाबांच्या पुण्यतिथीला शाळेत ती तिने स्वतः म्हटली होती, हात पुढे करून, पाठ केलेल्या सुरात, आणि कंपासपेटी जिंकली होती. ‘शब्दही फुटला नाही’ म्हणताना आवाज मुद्दाम कापरा करायचा असं बाईंनी शिकवलं होतं. घरी येऊन तिने तो कापरा आवाज आपल्या आत्याला, सीताबाईला, ऐकवला. आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. ती आधी ऐकत राहिली, मग सूप खाली ठेवलं, मग हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे गळायला लागले. ‘शब्द फुटला न्हाय! आगं येडे, आम्ही तोंडांत पदर कोंबला व्हता.’ मग तिने सांगितलं, आणि चौथीतल्या वैशालीला त्यातलं फारसं कळलं नाही, पण सूप, सांडलेले तांदूळ आणि आत्याचं ते हसणं तिच्या अंगात कायमचं जाऊन बसलं. पाड्यावर माणूस गेला की बाया रडतात. रडतात म्हणजे नुसते डोळे गाळत नाहीत. हेल काढून, सुरात, मेलेल्याला नावानं हाक मारून त्याचं सगळं आयुष्य त्याच्यापुढे मांडतात. दिलं ते आणि घेतलं ते. बायकोला मारलं असेल तर ते, आणि नंतर तिच्या पाठीला तेल चोळलं असेल तर तेही. ‘बोलताना खोटं चालतं,’ आत्या म्हणायची, ‘रडताना न्हाय चालत.’ खाली गावातल्या मोठ्या घरात कोणी गेलं तरी पाड्याला निरोप यायचा, कारण गावातल्या बायांना असं रडता येत नव्हतं आणि रडण्यावाचून मयत उघडं पडल्यासारखं दिसायचं. केसरीनाथबाबा गेले तेव्हाही निरोप आला. बाया उतरल्या, त्यांच्यात परकर नेसणारी सीता होती. अंगणात बसल्या. खरं रडावं तर ज्यांच्या शेतावर उद्या आवणीला, भात लावायला जायचं त्यांच्याच दारात रडवेना. खोटं रडायची रीत नाही. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि मयत उठेपर्यंत काढला नाही. आणि गावाचा ऊर भरून आला. केवढं हे दुःख! रडणाऱ्या बायाच मुक्या झाल्या! पाड्याने दिलेली सगळ्यात मोठी शिवी गावाने हार समजून गळ्यात घातली, आणि गेली पन्नासवर वर्षं ती तिथेच आहे, दर पुण्यतिथीला ताजी होते.

‘बेटी, ये फोटो अच्छा निकलना चाहिए हां.’ कोपऱ्यातल्या स्टुलावर दुकानवाल्याचे वडील, उस्मानचाचा, बशीतला चहा फुंकत बसले होते. ‘इसी आदमी की पेज पे मेरी अम्मी जिंदा रही.’ पेज म्हणाले ते, अगदी पेज, त्या शब्दाला त्यांच्या हिंदीत दुसरा शब्दच नव्हता. ते सांगत गेले आणि वैशाली ऐकत गेली, जरी यातलं काहीच तिला नवीन नव्हतं. लढाई तिकडे ब्रह्मदेशात चालली होती. तिकडचा तांदूळ यायचा थांबला. इकडे सूत मिळेना, भिवंडीतले हातमाग बंद पडले, विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसून राहायचे. आणि मग केसरीनाथ नावाचा एक पुढारी माणूस, बेचाळीसला भूमिगत झालेला, परत येऊन उघड्यावर मोठी भांडी चढवून बसला. कोण हिंदू कोण मोमीन त्याने विचारलं नाही. ‘अम्मी नमाज़ के बाद नाम लेती थी उनका. मरते दम तक.’ चाचांचा आवाज कापला, आणि तो कोणी शिकवलेला नव्हता. वैशालीने विचारायचं नव्हतं, पण विचारलं. ‘चाचा, वो चावल आता कहाँ से था?’

‘भूखे बच्चे कब पूछते हैं, बेटी?’ चाचा हसले. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, फ्लेक्सवरच्या त्या ओळीकडे पाहिलं, त्यातल्या ‘पाड्यावरच्या’ या शब्दाकडे. बशी खाली ठेवली.

‘तुम्हारे यहाँ से?’

तिने मान हलवली.

‘कितना?’

‘सब.’

त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू झालं. तिचं तोंड छापून निघालं, मिटलेलं, बाबांच्या नातवाच्या, भावेशशेटच्या, माणसाने निवडून दिलेल्या फोटोतलं, सुसंस्कृत. ते वाळेपर्यंत चाचांनी बशीला पुन्हा हात लावला नाही.

रिक्षात तो गुंडाळलेला फ्लेक्स तिच्या मांडीवर आडवा होता आणि बाजूच्या दोघी बायांच्या गुडघ्यांवरही थोडा थोडा. अंजूरफाट्याच्या पुढे नेहमीसारखी गाडी अडली. कंटेनर, कंटेनर, मध्येच टेम्पो, पुन्हा कंटेनर, आणि दोन्ही हातांना पत्र्याची गोदामं, एवढी लांब की त्यांच्यामागे काय आहे हे लोक विसरून गेलेत. मागे खळी होती. भाताची खळी, शेणाने सारवलेली. ती आता कुणाच्याच डोळ्यांसमोर नाहीत, वैशालीच्याही नव्हती, तिने ती पाहिलीच नव्हती. तरीही रिक्षात बसल्या बसल्या तिला सारवलेल्या जमिनीचा वास आला. भात मळून झालं की कणसरीला, धान्याच्या आईला, फूल वाहायचं, आणि मग मापायला घ्यायचं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. त्या साली कोणी लाभ म्हणायच्या आधीच खळ्यावर केसरीनाथ उभा राहिला, काठ्या घेतलेली माणसं घेऊन. त्याला कुठली कणगी कुठे आहे हे दाखवावं लागलं नाही. बेचाळीसच्या पावसाळ्यात पोलीस मागावर असताना तो याच, टेपाच्या पाड्यावर लपला होता. सीताबाईच्या आईच्या घरात, माळ्यावर, त्याच कणग्यांच्या आडोशाला निजला होता. त्याने खायचं नेलं आणि बियाण्याचंही नेलं. लढाई सरली की परत देतो म्हणाला. लढाई सरली. तो आमदारकीच्या खटपटीला लागला, पुढे मोठा झाला, पाड्याची चढण पुन्हा चढला नाही. त्या उन्हाळ्यात पाड्यावर लोकांनी कंद उकडले, कडू ते नदीत भिजत घालून उकडले, आणि पोरं मेली. यात गुपित काहीही नव्हतं. सगळं सगळ्यांना ठाऊक होतं, गावाला, पाड्याला, बाबांच्या घरालाही. ठाऊक असणं आणि बोललं जाणं यांच्यामध्ये पत्र्याचं एक लांबच लांब गोदाम उभं होतं, एवढंच.

मग तो वाईट होता? रिक्षा सुटली, अडली. नाही, असं नाही विचारायचं. चांगला होता? असंही नाही. ती स्वतःशी वकील झाली, मग दुसऱ्या बाजूचा वकील झाली. उस्मानचाचांची अम्मी जगली, म्हणून चाचा जगले, म्हणून ते दुकान, ते यंत्र, तो फ्लेक्स. माणसांचा केवढा तरी मोठा गोतावळा त्या पेजेवर उभा आहे आणि तो खरा आहे, त्याला खोटं ठरवणारी ती कोण? आणि सीताबाईचा थोरला भाऊ आणि बहीण, जे तिने पाहिलेसुद्धा नाहीत, त्यांचा गोतावळा झालाच नाही. जो झाला नाही तो कुठे मांडायचा? ती बारावीला असताना इतिहासाचे सर म्हणाले होते, लढाईत असं होतंच. त्याच सालात दूर विलायतेत बसलेल्या पुढाऱ्यांनी बंगालचा तांदूळ कुणाच्या तोंडी जाईल हे ठरवलं, तिथे तर माणसं रस्त्यावर पडली, आणि त्या पुढाऱ्यांचे पुतळे आहेतच की, सर म्हणाले होते, जिंकणाऱ्याचा हिशेब कोणी मागत नाही. तेव्हा वैशालीने ते लिहून घेतलं होतं. लढाईच्या काळात पुढाऱ्याला एक वेगळाच तराजू मिळतो, एका पारड्यात त्याला दिसणारी माणसं आणि दुसऱ्यात न दिसणारी. पण केसरीनाथबाबांना तर पाडा दिसत होता! ते तिथे निजले होते! विचार इथवर आला की दोन्ही वकिलांचे कागद संपायचे. पुढे काही नाही.

फोन वाजला. भावेशशेट. बाबांचा नातू, मानकोलीपर्यंत गोदामं भाड्याने देणारा, आणि तिला आपल्या पॅनलमधून सरपंच करणारा. माणूस वाईट नव्हता, तिच्या बापाच्या आजारपणात रात्री गाडी त्यानेच पाठवली होती. ‘काय सरपंचबाई, घेतला का फ्लेक्स? फोटो कसा आलाय? हिरोईन दिसताव का न्हाय?’

‘बरा आलाय.’

‘बरा काय, एक नंबर. आणि टेन्शन घ्यायचा न्हाय. तुम्हांला बोलायचा काय नाय ताई. ग्रामसेवक वाचंल, कोणाची हरकत विचारंल, सगळी गप बसतील, सर्वानुमते मंजूर. तुम्ही नुसता बसायचा.’

‘भावेशशेट, ती ओळ काढली तर?’

‘कंची ओळ?’

‘बायांची.’

‘आवो, तीच तर काळजाला भिडते! आमची आक्का अजून सांगते, बाया अशा बसलेल्या, अशा. त्याच्याशिवाय बाबांचा काय राहिला?’ आणि खरंच, त्याच्या आवाजात एवढं प्रेम होतं की तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. नुसतं बसायचं. तिला ते चांगलं जमायचं. दापोड्याच्या गोदामात ती पॅकिंगला होती तेव्हा शिफ्टभर बोलायची बंदी होती. सरपंच झाल्यावर बंदी नव्हती, पण सवय होती. पाठीमागे लोक तिला सहीची सरपंच म्हणायचे आणि तिला ते ऐकू यायचं. आणि बाप गेला तेव्हा. नवशा, तिचा बाप, ठाण्याच्या इस्पितळात गेला. आत्याने तिथेच वॉर्डात हेल काढायला तोंड उघडलं आणि नर्स धावत आली, आवाज करू नका, बाकीचे पेशंट आहेत. वैशालीने स्वतःच्या हाताने आत्याचं तोंड झाकलं. जीवन, तिचा नवरा, कानाशी म्हणाला, बरं केलंस, लोक बघत होते. पाड्यावर मयत आणेपर्यंत आत्याचा दमा उसळला होता, मागाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं कापसाचा फुफाटा गिळलेली छाती, तिला दोन ओळींच्या पुढे जाता आलं नाही. आणि वैशालीला सुरुवातच करता आली नाही. शिकलेली बाई. बाप न रडता गेला. हा विचार तिने रिक्षात पूर्ण केला नाही. कंटेनरच्या चाकाकडे बघत राहिली.

समाजमंदिरात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. पुढे गावातले बाप्ये, मध्ये बचतगटाच्या बाया, आणि सगळ्यात मागे, दाराजवळ जमिनीवर, पाड्याच्या बाया. त्यांना कोणी तिथे बसवत नाही, त्या बसतात. सीताबाई भिंतीला टेकून बसली होती, छातीवर हात. वैशाली वाकून तिच्याशी बोलली. ‘आते, आज ठराव हाय.’

‘ठावं हाय. पुतला बसवतान.’

‘मी काय करू?’

‘मना काय इचारतस? सरपंच तू का मी?’ आत्याला धाप लागली. ती थांबली. ‘माझे छातीत वारा असता त मी तुला इचारला असता का? चाल, बस जा खुर्चीवर. पंखा हाय तिकडं.’

ती खुर्चीवर बसली. पंखा होता. भिंतीला तो फ्लेक्स कोणी तरी टांगलासुद्धा होता, तिच्या पाठीमागे, म्हणजे ती स्वतःच्याच मिटलेल्या तोंडाच्या पुढे बसली होती. पहिल्या रांगेत भावेशशेट, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. त्याच्या शेजारी त्याची आई, आक्का, केसरीनाथबाबांची सून, नाकात नथ, हातात काठी. ग्रामसेवक उभा राहिला आणि वाचू लागला. विषय क्रमांक चार. स्वातंत्र्यसैनिक, लोकनेते, युद्धकाळात ज्यांनी (त्यांनी माळ्यावर झोपताना पायाशी काय घेतलं असेल? घोंगडी आमचीच असणार) हजारो विणकर बांधवांना अन्न देऊन (अन्न, हो, दिलं, खरंच दिलं) जीवदान दिले, व ज्यांच्या निधनाने पाड्यावरच्या माता-भगिनींना (माझ्या आत्याला, परकर नेसलेल्या) शब्दही फुटला नाही, अशा थोर नेत्याचा पूर्णाकृती पुतळा चौकात बसवण्यास ही ग्रामसभा. तो थांबला, घोटभर पाणी प्यायला. कोणाची हरकत? कोणाची नाही. पंख्याचा आवाज. गप्प बसलेली माणसं कशी वेगवेगळी गप्प असतात, वैशालीला एकदम दिसलं. एक जेवण झाल्यासारखं गप्प, एक भिऊन गप्प, एक फोनमध्ये गप्प. आणि दाराजवळची ती गप्प, जुनी, तोंडात बोळा असल्यासारखी. आता हे सगळं एकत्र मोजून त्याला होकार म्हणणार. तेव्हा हार म्हटलं, आज होकार म्हणणार. ‘हरकत नसल्याने सर्वानुमते—’ ग्रामसेवक म्हणाला, आणि वैशालीच्या घशातून काही तरी बाहेर पडलं.

ते बोलणं नव्हतं. बोलायला गेली असती तर तिला माननीय व्यासपीठ म्हणावं लागलं असतं. तो आधी नुसताच स्वर होता, फाटका, नाकातून आल्यासारखा, आणि तिला वाटलं हा कुणाचा? मग तिने त्याला वाट दिली. डोळे मिटले, हात गुडघ्यांवर आपटला, अंग मागेपुढे व्हायला लागलं, जे तिने शंभर वेळा पाहिलं होतं आणि कधीच केलं नव्हतं.

केसरीबाबा रंऽऽ
तुझे मागं पोलीस लागलं, तवा तू आमचे माळ्यावर निजलास रंऽ
आमचे आजीचे हातची आंबील पिलास, तिला तू आय म्हटलास रंऽ

पुढच्या रांगेत माना डोलल्या. भावेशशेटने खिशातून रुमाल काढला. अखेर शब्द फुटला, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं.

शहरांत माग बंद पडलं, मोमिनांची पोरां वाळली रंऽ
तुझे गल्याखाली घास जाईना, खरा न्हाय गेला रंऽ
दुसऱ्याचे पोरांसाठी जागा राहणारा तू, तुझ्यासारखा कोण व्हता रंऽ

इथे तिचा स्वर फुटला, कारण हे खरं होतं, आणि ते खरं म्हणताना तिला त्या माणसाची दया आली. आयुष्यात पहिल्यांदा. पाणी डोळ्यांतून आलं. ते पुसलं नाही, पुढे गेली.

मंग तू आमचे खल्यावर आलास, काठीवाली माणसां आणलीस रंऽ
कणसरीला फूल न्हाय वाहला, लाभ न्हाय म्हटला, तू माप उचललास रंऽ
खायाचा नेलास, बियाचा पण नेलास, जे कणगीआड निजलास ती पण झाडून नेलीस रंऽ

भावेशशेटचा रुमाल अर्ध्यावर राहिला. तो उठला. ‘ओ सरपंचबाई! ह्यो काय लावलाय? ही ग्रामसभा हाय का मयत?’

‘मयतच हाय,’ दाराजवळून सीताबाई म्हणाली, धापेतूनही खणखणीत. ‘जरा लेट झालाय येवढाच.’

कोणी तरी हसलं आणि हसू गिळलं. भावेशशेट लाल झाला, ग्रामसेवकाकडे वळला, ग्रामसेवक रजिस्टरकडे बघत राहिला. तेव्हा आक्काची काठी फरशीवर वाजली. ‘बस खाली, भावेश. रडणाऱ्या बाईला मधी थांबवत नसतात. एवढंही शिकवलं नाही का तुला मी?’ तो बसला. वैशालीने हे सगळं ऐकलं, पण लांबून, पाण्याखालून ऐकावं तसं. ती नावांपाशी आली होती. तिला दोनच नावं ठाऊक होती, आत्याच्या भावंडांची.

आमचा लख्या गेला रंऽ, आमची बुधी गेली रंऽ

आणि पुढे तिच्याकडे काही नव्हतं. ती अडली. इथेच ते संपलं असतं, लाजिरवाणं, मध्येच तुटलेलं. पण रडण्याची गोष्ट अशी की ते एकीचं कधीच नसतं, एकीचा दम संपतो तिथे दुसरी धरते. मागून, जमिनीवरून, कुणाचा तरी जाड आवाज वर आला: आमची मंगली गेली रंऽ. मग गुणाबाईचा, जी कधी मोठ्याने बोलत नाही: माझे सासऱ्याची दोन भावां गेली, नाव पण न्हाय ठेवली व्हती रंऽ. मग तिसरी, मग सगळ्या. एकीच्या हेलात दुसरीचा हेल शिरला. पत्र्याचं छप्पर आवाजाने भरलं, रस्त्यावरची माणसं आत येऊन दाटीने उभी राहिली, बचतगटाच्या बायांनी डोक्यावर पदर घेतले, त्यातल्या एकीने हुंदका दिला आणि तिला कळेना आपण का रडतोय. सीताबाई दोन्ही हातांनी फरशीवर ठेका धरत होती. वैशालीचा आवाज आता त्या सगळ्यांच्या वर होता, मोकळा, रुंद, तिला स्वतःला त्याची दुसरी बाजू दिसत नव्हती एवढा. तिला तिथे बापही दिसला, नवशा, आणि एका श्वासापुरतं तिने त्यालाही त्या सुरात घेतलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि मग जे तिला रिक्षात कुठल्याच वकिलाकडून मिळालं नव्हतं ते आपोआप ओठांवर आलं, जणू खूप वर्षं तिथेच होतं.

मागतास त दिला असता रंऽ
अर्धा मागतास त अर्धा, सगला मागतास त सगला रंऽ
भूक वाटून घेतली असती, त्यांचे पोरांला आमचे मांडीवर घेतला असता रंऽ
तू आय म्हटलास ना रं, आयकडं मागतात का काठी दाखवतात रंऽ
तू मागला का न्हाय रंऽ, बाबा रंऽ, तू मागला का न्हाय रंऽऽ

जगली त्यांचे नावानं तुला फूल रंऽ
मेली त्यांचे नावानं तुला बोल रंऽ
फूल घे, बोल पण घे, दोन्ही घेऊन जा रंऽऽ

थांबली. सगळ्या थांबल्या. पंखा चालू होता हे पुन्हा ऐकू आलं. वैशालीने डोळे उघडले, पदराने तोंड पुसलं आणि ग्रामसेवकाकडे वळली. आवाज घोगरा झाला होता पण तोच होता, तो आता जाणार नव्हता. ‘लिहा,’ ती म्हणाली. ‘पुतळा बसवावा. खाली लिहावं की यांनी लढाईच्या साली शहरातली माणसं जगवली. त्याच्याच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावं की ते धान्य टेपाच्या पाड्यावरून न विचारता नेलं आणि पाड्याची पोरं गेली. नावं आम्ही देऊ. दोन्ही असेल तर पुतळा. एक गाळलं तर पुतळा नाही. आणि बायांना शब्द फुटला नाही, ती ओळ खोडा. फुटलाय.’

‘आणि हे,’ ग्रामसेवक चाचरला, ‘आत्ता जे झालं, ते काय म्हणून नोंदवू मॅडम? सूचना? चर्चा?’

‘रडणं म्हणून नोंदवा. कोण बाजूने, हात वर.’

पाड्याचे हात आधी गेले, सगळे, मनगटावर गोंदलेले आणि न गोंदलेले. मग बचतगटातून एक, दोन, मग एकदम बरेच. बाप्ये एकमेकांकडे बघत राहिले. भावेशशेटने आईकडे पाहिलं. आक्काने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि उजवा हात वर केला, हळू, दुखऱ्या खांद्याचा, पण कानाच्या वर. त्यानंतर पुढच्या रांगेला दुसरं काही करणं शक्य नव्हतं. भावेशशेटने हात वर केला नाही. खालीही बघितलं नाही. ‘अक्षरां कितीची घ्यायची ते सांगा,’ तो शेवटी म्हणाला, कुणाकडेही न बघता, ‘दगडवाल्याला सांगावा लागंल.’

मग आक्का उठली. कोपऱ्यातल्या माठातून तिने तांब्या भरून घेतला आणि काठी टेकत टेकत वैशालीपुढे येऊन उभी राहिली. मयताच्या घरची बाई रडणाऱ्यांच्या हातावर पाणी घालते, तशी. वैशालीने ओंजळ केली. आक्का नीट धार धरून पाणी घालत राहिली. मग मागे गेली, एकेकीपुढे वाकली, गुणाबाईच्या, बाकीच्यांच्या, तांब्या संपला की पुन्हा भरला. सीताबाईने चूळ भरली, दाराबाहेर टाकली आणि तोंड पुसून वैशालीकडे बघितलं. ‘सूर काय धड न्हाय तुझा. बापावर गेलीस. तो पण असाच नाकात गायचा.’

‘आते, पहिलीच वेळ हाय.’

‘ते दिसतंच हाय.’ आत्याने भिंतीला धरून उभं राहायला हात पुढे केला, वैशालीने तो घेतला. ‘पण केसरीबाबा मेला बरं का. आज मेला तो. इतकी वर्सां नुसता बसवून ठेवला व्हता.’

बाहेर ऊन होतं आणि कंटेनरांची रांग चौकापासून पार वळणापर्यंत लागली होती. पाड्याची चढण रस्त्याच्या पलीकडून सुरू होते. नेहमी बाया कडेला उभ्या राहतात, रांग सुटायची वाट बघतात. वैशाली थेट रस्त्यात उतरली, एका कंटेनरच्या नाकासमोर जाऊन हात उभा धरला, आणि तो थांबला. त्याच्यामागचे थांबले. बाया मधून निघाल्या, मोठमोठ्याने बोलत, एकमेकींना टाळ्या देत, लग्नाहून परतल्यासारख्या. गुणाबाई आक्काची काठी कशी वाजली ते करून दाखवत होती. कुणी तरी वैशालीच्या पहिल्या हेलाची नक्कल केली, नाकातून, आणि सगळ्या खिदळल्या. ‘आगं, असं न्हाय,’ वैशाली म्हणाली, आणि भर रस्त्यात, आत्याचा हात धरून, घोगऱ्या गळ्याने ती तीच ओळ पुन्हा धरायला लागली, या वेळी छातीतून. मागचा ड्रायव्हर वैतागला, त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. तो वाजत राहिला, तिच्या आवाजाखाली.